रिकर्शन आणि स्टॅक ओव्हरफ्लो: खोली आधी मोजा, उपाय नंतर निवडा

रिकर्सिव्ह फंक्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फंक्शन, लहान चाचण्यांत बिनचूक उत्तर देते, कोड वाचायलाही सुटसुटीत असतो, आणि मग खरी, मोठी फाइल समोर येताच तोच प्रोग्राम स्टॅक ओव्हरफ्लोने, म्हणजे फंक्शन कॉलसाठी राखलेली मेमरी संपल्याने, कोसळतो. अशा वेळी बहुतेक जण सर्वप्रथम स्टॅकची मर्यादा वाढवतात. काही परिस्थितींत तो योग्य उपाय आहे, पण त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हातात असायला हवे: या फंक्शनचे कॉल एकात एक किती खोल जाणार आहेत, आणि ती खोली ठरवणार कोण? खोली आपल्या अल्गोरिदमने बांधलेली असेल तर रिकर्शन निर्धास्तपणे वापरावे. ती बाहेरून येणाऱ्या डेटाच्या आकारावर किंवा रचनेवर अवलंबून असेल, तर आज चालणारा प्रोग्राम उद्या कोसळणारच, असे धरून चालावे. पुढील सर्व पायऱ्या या एका भेदावर उभ्या आहेत.

स्टॅकवर नेमके काय साठते

प्रत्येक फंक्शन कॉलसाठी कॉल स्टॅकवर एक फ्रेम तयार होते. परत कोठे जायचे तो पत्ता, जतन केलेली रजिस्टर्स, लोकल व्हेरिएबल्स आणि काही वेळा पॅरामीटर्स या फ्रेममध्ये असतात. फंक्शन संपले की फ्रेम मोकळी होते. पण रिकर्शनमध्ये आतला कॉल संपेपर्यंत बाहेरचा संपत नाही, त्यामुळे फ्रेम्स एकावर एक साचत जातात. येथे कॉलच्या एकूण संख्येला महत्त्व नाही. फिबोनाचीचे साधे रिकर्सिव्ह फंक्शन ४० व्या पदासाठी कोट्यवधी कॉल करते, तरी एका क्षणी स्टॅकवर असलेल्या फ्रेम्स चाळिसाच्या आसपासच असतात. ते फंक्शन संथ आहे, पण स्टॅकच्या दृष्टीने सुरक्षित आहे. याउलट दहा लाख नोड्सच्या लिंक्ड लिस्टची (साखळीसारख्या एकमेकांना जोडलेल्या घटकांच्या यादीची) लांबी रिकर्शनने मोजणारे फंक्शन दहा लाखच कॉल करते आणि ते सर्व एकाच वेळी जिवंत असतात.

स्टॅकचा आकार थ्रेड (प्रोग्राममधील स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) सुरू होतानाच ठरतो आणि तो वातावरणागणिक बदलतो. लिनक्सवर मुख्य थ्रेडला सामान्यतः ८ एमबी मिळतात, विंडोजवर लिंकरचे डिफॉल्ट मूल्य १ एमबी आहे, तर मॅकओएसवर मुख्य थ्रेडला ८ एमबी असले तरी नंतर तयार केलेल्या थ्रेड्सना डिफॉल्टने ५१२ केबीच मिळतात. अल्पाइन लिनक्सवर वापरली जाणारी मसल लायब्ररी नव्या थ्रेडला फक्त १२८ केबी देते. १६० बाइट्सची फ्रेम गृहीत धरून हिशेब केला तर ८ एमबीमध्ये सुमारे ५२,४०० पातळ्या मावतात, १ एमबीमध्ये ६,५५०, ५१२ केबीमध्ये ३,२७० आणि १२८ केबीमध्ये जेमतेम ८१९. विकसकाच्या मशिनवर चालणारा कोड अल्पाइनवर आधारलेल्या कंटेनरमध्ये किंवा वर्कर थ्रेडमध्ये गेल्यावर कोसळतो, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

पायथॉनचे गणित थोडे निराळे आहे. तेथे इंटरप्रिटर स्वतः पातळ्या मोजतो आणि डिफॉल्टने १,००० ची मर्यादा ओलांडली की रिकर्शन एरर देतो. या हजारात आपले फंक्शन सुरू होण्याआधीचे कॉलही मोजले जातात, त्यामुळे एखाद्या वेब फ्रेमवर्कच्या आत चालणाऱ्या कोडला प्रत्यक्षात त्याहून कमी जागा उरते.

पहिली पायरी: अनंत रिकर्शन आहे की खोल रिकर्शन, हे ओळखणे

दोन्हींची एरर सारखीच दिसते, पण उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. अनंत रिकर्शन हा तर्कातला दोष असतो आणि त्यावर कितीही मोठा स्टॅक दिला तरी तो अपुराच पडतो. म्हणून पुढच्या कोणत्याही पायरीकडे जाण्यापूर्वी हा निवाडा करावा.

सर्वांत खात्रीची पद्धत अशी की, फंक्शनला खोली नावाचे एक तात्पुरते पॅरामीटर द्यावे, प्रत्येक कॉलला ते एकने वाढवावे, आणि दर शंभर पातळ्यांनंतर खोलीबरोबर मुख्य पॅरामीटरचे मूल्य छापावे. मूल्य प्रत्येक वेळी बेस केसच्या (जेथे फंक्शन स्वतःला न बोलावता थेट उत्तर देते त्या स्थितीच्या) दिशेने सरकत असेल तर रिकर्शन खोल आहे. तेच मूल्य पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा ते बेस केसपासून दूर जात असेल, तर रिकर्शन अनंत आहे.

अनंत रिकर्शनची एक नेहमीची जागा जवळून पाहू. क्रमाने लावलेल्या अ‍ॅरेमध्ये बायनरी सर्च करताना डावी आणि उजवी सीमा दिलेली असते, मध्य म्हणजे दोन्हींच्या बेरजेचा अर्धा, खाली पूर्णांकात आणलेला. शोधायचे मूल्य मध्यावरील मूल्यापेक्षा मोठे असेल तर फंक्शन मध्य ते उजवी सीमा या भागावर स्वतःला पुन्हा बोलावते. डावी सीमा ४ आणि उजवी ५ असताना मध्य ४ येतो, आणि पुढचा कॉलही ४ आणि ५ यांवरच होतो. भाग लहान होणे येथे थांबले. मध्य अधिक एकपासून पुढे पाहिले की दोष जातो, कारण मध्यावरील मूल्य तपासून झालेलेच असते. तत्त्व असे की, प्रत्येक रिकर्सिव्ह कॉलमध्ये काहीतरी मोजता येण्याजोगे काटेकोरपणे कमी व्हायला हवे, आणि ते काय आहे हे फंक्शन लिहिणाऱ्याला एका वाक्यात सांगता यायला हवे.

बेस केस असूनही तो चुकवला जाण्याचे प्रकारही पाहावेत. शून्याशी तुलना करणाऱ्या फंक्शनला ऋण संख्या दिली, किंवा दोन-दोनने कमी होणाऱ्या फंक्शनला विषम संख्या दिली, की शून्य कधी येतच नाही. दशांश संख्यांच्या बाबतीत हे अधिक फसवे असते: १ मधून ०.१ दहा वेळा वजा केल्यावर संगणकात बरोबर शून्य उरत नाही, अतिशय लहान अशी एक धन संख्या उरते. म्हणून बेस केस ‘शून्याइतका’ असा न लिहिता ‘शून्य किंवा त्याहून कमी’ असा लिहावा, आणि दशांश संख्येवर रिकर्शन शक्यतो करूच नये.

डेटामध्ये चक्र असणे हे तिसरे कारण होय. ग्राफमध्ये अ कडून ब कडे आणि ब कडून पुन्हा अ कडे कड असेल, फोल्डरमध्ये वरच्याच फोल्डरकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक असेल, किंवा पालक ऑब्जेक्ट मुलाला आणि मूल पालकाला स्वतःच्या मजकुरात छापत असेल, तर भेट दिलेल्या नोड्सचा संच ठेवल्याशिवाय सुटका नाही. हा संच ऑब्जेक्टच्या ओळखीवर बांधावा, त्याच्या मूल्यावर नाही. कारण मूल्यावरून हॅश काढताना पुन्हा त्याच चक्रात शिरण्याची शक्यता असते.

स्टॅक ट्रेस वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जावा डिफॉल्टने ट्रेसमधील वरच्या १,०२४ फ्रेम्सच दाखवते, त्यामुळे रिकर्शन मुळात कोणी सुरू केले ते ट्रेसमध्ये दिसेलच असे नाही. सी आणि सी प्लस प्लसमध्ये तर अनेकदा सेगमेंटेशन फॉल्टखेरीज काहीच हाती लागत नाही; तेथे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून प्रोग्राम चालवला तर तो स्टॅक ओव्हरफ्लो झाल्याचे स्पष्ट सांगतो. जीसीसी या कंपाइलरच्या १२ व्या आवृत्तीपासून अनंत रिकर्शनची उघड उदाहरणे कंपाइल करतानाच इशारा देऊन दाखवली जातात. हा इशारा सुरू ठेवावा.

दुसरी पायरी: सर्वांत वाईट परिस्थितीतील खोली काढणे

रिकर्शन खोल आहे असे ठरल्यावर सर्वांत प्रतिकूल इनपुटसाठी खोली किती होईल, ते कागदावर मांडावे. सरासरीचा विचार येथे उपयोगाचा नाही. संतुलित बायनरी ट्रीची उंची दहा लाख नोड्सनाही वीसच्या आसपास असते, मर्ज सॉर्ट दर पातळीवर डेटा निम्मा करतो, त्यामुळे या दोन्ही ठिकाणी रिकर्शन बदलण्याची काही गरज नाही. मात्र असंतुलित बायनरी सर्च ट्रीमध्ये आधीच क्रमाने लावलेली मूल्ये भरली, तर ट्रीची उंची नोड्सच्या संख्येइतकी होते. ग्राफमधील डेप्थ फर्स्ट सर्चचेही (एका वाटेने शक्य तितके खोल जाणाऱ्या शोधाचेही) तेच आहे: नोड्स एका रांगेत जोडलेले असतील तर खोली एकूण नोड्सइतकी जाते. फ्लड फिल (चित्रातील सलग भाग रंगाने भरणे) करणारे रिकर्शन एक हजार गुणिले एक हजारच्या रिकाम्या चित्रावर लाखो पातळ्या सहज खोल जाऊ शकते, कारण ते नागमोडी मार्गाने पुढेच जात राहते.

अंदाजासाठी फ्रेमचा आकारही लागतो. जीसीसीला स्टॅकचा वापर नोंदवण्याचा पर्याय दिला तर तो प्रत्येक फंक्शनच्या फ्रेमचा आकार वेगळ्या फाइलमध्ये लिहून देतो. ही सोय नसेल तर आतल्या एका लोकल व्हेरिएबलचा पत्ता लागोपाठच्या दोन पातळ्यांवर छापावा. दोन पत्त्यांतील फरक म्हणजे फ्रेमचा आकार. अनेकांना हा आकडा पाहून आश्चर्य वाटते, कारण फंक्शनमध्ये कोठेतरी चार केबीचा लोकल बफर असतो आणि तो प्रत्येक पातळीवर पुन्हा तयार होत असतो. ८ एमबीच्या स्टॅकवर असे फंक्शन दोन हजार पातळ्यांच्या आतच संपते.

तिसरी पायरी: रिकर्शन ठेवूनच खोली किंवा फ्रेम लहान करणे

संपूर्ण पुनर्लेखनाआधी स्वस्त उपाय करून पाहावेत. मोठे लोकल अ‍ॅरे हीपवर (स्टॅकबाहेरील, मागणीनुसार मिळणाऱ्या मेमरीत) न्यावेत किंवा एकच बफर बाहेरून संदर्भाने द्यावा. मोठे स्ट्रक्चर मूल्याने देऊ नये. क्वचित चालणाऱ्या शाखेत, उदाहरणार्थ एररचा संदेश बनवताना, मोठा बफर लागत असेल तर तो भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढावा. कारण ती शाखा चालो वा न चालो, कंपाइलर तिच्यासाठीची जागा साधारणतः फ्रेममध्ये आधीच राखून ठेवतो. वेगळे केलेले फंक्शन कंपाइलरने पुन्हा आत ओढून घेऊ नये यासाठी इनलाइन न करण्याची सूचनाही द्यावी.

क्विक सॉर्टमधील युक्ती प्रत्येकाने आत्मसात करावी अशी आहे. विभागणीनंतर दोन्ही भागांवर रिकर्सिव्ह कॉल करण्याऐवजी फक्त लहान भागावर कॉल करावा आणि मोठ्या भागासाठी त्याच फंक्शनमध्ये लूप फिरवावा. लहान भाग कधीच निम्म्याहून मोठा नसतो, त्यामुळे पिव्हट (विभागणीचा आधारघटक) कितीही वाईट निवडला गेला तरी दहा लाख घटकांसाठी खोली सुमारे वीसच्या वर जात नाही. वेळ वाईट परिस्थितीत वाईटच राहते, पण स्टॅक सुरक्षित राहतो. दोन असमान शाखा असलेल्या आणि ज्यांचे निकाल नंतर एकत्र करायचे नाहीत अशा कोणत्याही रिकर्शनला ही युक्ती लागू पडते.

मेमोइझेशनबद्दल मात्र एक गैरसमज दिसतो. आधीची उत्तरे साठवून ठेवल्याने कॉलची संख्या घटते, पण पहिल्या फेरीतील खोली तेवढीच राहते. डायनॅमिक प्रोग्रामिंगमध्ये पद क्रमांक एक लाखासाठी फंक्शनला बोलावले, तर ते उत्तर मिळण्यापूर्वी एक लाख पातळ्या खाली उतरतेच. अशा ठिकाणी लहान पदापासून मोठ्याकडे लूपने टेबल भरत जाणे हा सरळ मार्ग आहे. कोड बदलणे शक्य नसेल तर तेच फंक्शन ५००, १,०००, १,५०० अशा टप्प्यांनी क्रमाने बोलवावे. प्रत्येक टप्पा आधीच्या साठवलेल्या उत्तरावर थांबतो आणि खोली पाचशेच्या आसपासच राहते.

चौथी पायरी: टेल कॉलचे रूपांतर

फंक्शनचे शेवटचे काम जर रिकर्सिव्ह कॉल हेच असेल आणि त्याचे उत्तर कोणतीही प्रक्रिया न करता परत दिले जात असेल, तर सध्याच्या फ्रेमची पुढे गरज नसते. यालाच टेल कॉल म्हणतात. फॅक्टोरियलच्या नेहमीच्या रूपात आतल्या कॉलच्या उत्तराला संख्येने गुणायचे बाकी असते, म्हणून तो टेल कॉल नव्हे. आतापर्यंतचा गुणाकार जास्तीच्या पॅरामीटरमधून पुढे नेला की तो टेल कॉल होतो.

पण टेल कॉल लिहिला म्हणजे स्टॅक वाचला असे नाही. ते भाषेवर अवलंबून असते. स्कीमच्या प्रमाणित व्याख्येनुसार टेल कॉलने स्टॅक वाढता कामा नये. कोटलिनमध्ये टेलरेक हा शब्द लावला की कंपाइलर फंक्शनचे लूपमध्ये रूपांतर करतो. स्कालामध्ये टेलरेक अ‍ॅनोटेशन लावले आणि कॉल खरोखर टेल नसेल तर कोड कंपाइलच होत नाही, आणि ही शिस्त मला फार मोलाची वाटते. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणित व्याख्येत याची तरतूद आहे, पण प्रमुख ब्राउझर्सपैकी सफारीनेच ती प्रत्यक्षात दिली. पायथॉनमध्ये ही सोय नाही. २००९ मध्ये पायथॉनचे निर्माते ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती न देण्याची भूमिका मांडताना, फ्रेम्स नाहीशा झाल्या तर स्टॅक ट्रेस निरुपयोगी होतो हे एक कारण सांगितले होते. जावा व्हर्च्युअल मशिनही हे रूपांतर करत नाही.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये ऑप्टिमायझेशन सुरू असताना कंपाइलर बहुतेक वेळा हे रूपांतर करतो, पण भाषा त्याची हमी देत नाही. डीबग बिल्डमध्ये तोच कोड कोसळतो. शिवाय सी प्लस प्लसमध्ये फंक्शनात एखादा स्ट्रिंग किंवा व्हेक्टर लोकल असेल, तर परत जाण्यापूर्वी त्याचा डिस्ट्रक्टर (नष्ट होताना साफसफाई करणारे फंक्शन) चालायचा असतो. दिसायला शेवटचा असलेला कॉल मग शेवटचा राहत नाही. क्लँग कंपाइलरमध्ये मस्टटेल हे अ‍ॅट्रिब्यूट लावून रूपांतराची सक्ती करता येते. हमी नसलेल्या भाषेत मात्र हाताने लूप लिहावा. टेल कॉलचे लूपमध्ये रूपांतर अगदी यांत्रिक आहे: पॅरामीटर्सना नवी मूल्ये द्यायची आणि वर जायचे. नवी मूल्ये आधी तात्पुरत्या व्हेरिएबल्समध्ये काढावीत आणि मग एकदम द्यावीत, एवढी काळजी पुरेशी आहे. नाहीतर दुसऱ्या पॅरामीटरचे नवे मूल्य पहिल्याच्या बदललेल्या मूल्यावरून निघते.

पाचवी पायरी: स्वतःचा स्टॅक बाळगणे

खोली डेटावर अवलंबून आहे आणि कॉल टेल नाही, अशा वेळी कॉल स्टॅकचे काम हीपवरील आपल्या स्टॅककडे सोपवावे लागते. या पायरीवर सर्वाधिक चुका होतात, म्हणून ती सावकाश पाहू. प्रत्येक नोडला स्वतःचा आकार आहे आणि त्याच्या खालील सर्व नोड्ससह एकूण आकार काढायचा आहे, असे समजू. रिकर्सिव्ह रूप असे:

फंक्शन एकूण(नोड)
    बेरीज = नोड.आकार
    नोड.मुले यांतील प्रत्येक मूल घेऊन
        बेरीज = बेरीज + एकूण(मूल)
    नोड.एकूण = बेरीज
    परत द्या बेरीज

प्रथम स्वतःला विचारावे की, आतला कॉल परत आल्यावर बाहेरच्या कॉलला काय काय आठवावे लागते. येथे तीन गोष्टी आहेत: नोड कोणता, पुढचे मूल कितवे, आणि आतापर्यंतची बेरीज किती. या तीन गोष्टी म्हणजेच आपली नोंद. मग ज्या जागी रिकर्सिव्ह कॉल होता तेथे नवी नोंद स्टॅकवर ठेवायची, आणि ज्या जागी फंक्शन परत येत होते तेथे नोंद काढून तिचे उत्तर खालच्या नोंदीत मिळवायचे.

फंक्शन एकूण(मूळ)
    स्टॅकवर ठेवा नोंद(मूळ, पुढचे = ०, बेरीज = मूळ.आकार)
    स्टॅक रिकामा नाही तोवर
        नोंद = स्टॅकवरची सर्वांत वरची, न काढता
        जर नोंद.पुढचे < नोंद.नोडच्या मुलांची संख्या
            मूल = नोंद.नोड.मुले[नोंद.पुढचे]
            नोंद.पुढचे = नोंद.पुढचे + १
            स्टॅकवर ठेवा नोंद(मूल, पुढचे = ०, बेरीज = मूल.आकार)
        नाहीतर
            उत्तर = नोंद.बेरीज
            नोंद.नोड.एकूण = उत्तर
            स्टॅकवरून सर्वांत वरची नोंद काढा
            जर स्टॅक रिकामा असेल
                परत द्या उत्तर
            आता वर आलेल्या नोंदीची बेरीज = तिची बेरीज + उत्तर

‘पुढचे’ एकने वाढवण्याची ओळ नवी नोंद ठेवण्याच्या आधी आहे, हे मुद्दाम पाहावे. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टरला स्टॅक म्हणून वापरताना ‘नोंद’ हा त्यातील घटकाचा संदर्भ असतो. नवी नोंद ठेवताना व्हेक्टरची जागा बदलली तर जुना संदर्भ मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो. क्रम उलटा ठेवला तर लहान ट्रीवर सर्व काही ठीक दिसते आणि व्हेक्टर वाढतो त्या क्षणी मोजणी बिघडते. उत्तरही नोंद काढण्यापूर्वीच वेगळे घेतले आहे, ते याच कारणासाठी.

६४ बिट मशिनवर अशी नोंद साधारण २४ बाइट्सची असते, म्हणजे दहा लाख पातळ्यांना सुमारे २४ एमबी लागतात. हीपवर ही जागा सहज मिळते, आणि न मिळाल्यास ती एरर बहुतेक भाषांत नीट हाताळता येते.

मुलांचे निकाल एकत्र करायचे नसतील, फक्त प्रत्येक नोडला भेट द्यायची असेल, तर एवढी नोंद लागत नाही. नोड काढावा, त्याचे काम करावे आणि त्याची मुले स्टॅकवर ठेवावीत. पण शेवटी ठेवलेले मूल आधी बाहेर येते, म्हणून मूळचा डावीकडून उजवीकडे असा क्रम हवा असेल तर मुले उलट क्रमाने ठेवावीत. ग्राफच्या बाबतीत हा सोपा मार्ग आणखी एका ठिकाणी फसवतो. नोड स्टॅकवर ठेवतानाच त्याला ‘भेट दिली’ अशी खूण केली, तर भेटीचा क्रम खऱ्या डेप्थ फर्स्ट सर्चचा राहत नाही. केवळ पोहोचता येते का एवढेच पाहायचे असेल तर चालते. टोपोलॉजिकल सॉर्ट किंवा टारजनचा स्ट्राँगली कनेक्टेड कॉम्पोनंट्सचा अल्गोरिदम यांना नोड संपण्याचा क्रम नेमका लागतो, त्यामुळे तेथे वर दिलेली ‘पुढचे’ असलेली नोंदच वापरावी.

एका फंक्शनात दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी रिकर्सिव्ह कॉल असतील, तर नोंदीत टप्पा नावाचे आणखी एक मूल्य ठेवावे आणि परत आल्यावर कोठून पुढे जायचे ते त्यावरून ठरवावे. काही रचनांत स्टॅकही लागत नाही: युनियन फाइंडमधील (घटकांचे गट जोडणाऱ्या रचनेतील) मूळ शोधण्याचे रिकर्शन दोन साध्या लूप्सनी होते, पहिला मूळ शोधतो आणि दुसरा वाटेतील सर्वांना थेट मुळाशी जोडतो.

सहावी पायरी: बाहेरच्या डेटाला खोलीची मर्यादा घालणे

नेटवर्कवरून किंवा वापरकर्त्याकडून येणारा डेटा वाचणाऱ्या पार्सरमध्ये खोली समोरचा माणूस ठरवतो. जेसन या मजकूररूपी डेटाच्या स्वरूपात उघडणारे चौकोनी कंस एक लाख वेळा लिहिले तर फाइल १०० केबीचीही होत नाही, पण साध्या रिकर्सिव्ह पार्सरला कोसळवायला ती पुरेशी असते. हा थेट सुरक्षेचा प्रश्न आहे. म्हणून पार्सरने पातळी मोजावी आणि ठरावीक मर्यादेनंतर स्वच्छ एरर देऊन डेटा नाकारावा. प्रचलित लायब्रऱ्या हेच करतात: डॉटनेटच्या अंगभूत जेसन लायब्ररीची डिफॉल्ट मर्यादा ६४ आहे, पीएचपीच्या जेसन डीकोड फंक्शनची ५१२, आणि जावाच्या जॅक्सनने २.१५ आवृत्तीपासून १,००० ठेवली आहे. आपल्या डेटात खरोखर किती पातळ्या येतात ते पाहून मर्यादा त्याच्या काही पट ठेवावी.

स्टॅक ओव्हरफ्लो झाल्यावर तो पकडून सावरू, या भरवशावर राहू नये. डॉटनेटमध्ये तो पकडताच येत नाही, प्रोसेस बंद होते. गो भाषेत गोरुटीनचा (हलक्या थ्रेडचा) स्टॅक आपोआप वाढतो, पण ६४ बिटवर १ जीबीची मर्यादा ओलांडली की रिकव्हरने न सावरणारी एरर येते. जावामध्ये पकडता येतो, पण तो नेमका कोणत्या ओळीवर येईल हे सांगता येत नसल्याने डेटा अर्धवट बदललेला राहू शकतो.

सातवी पायरी: न दिसणारे रिकर्शन शोधणे

आपण लिहिलेले फंक्शन लूपमध्ये बदलले तरी काम संपत नाही. सी प्लस प्लसमध्ये युनिक पॉइंटरने किंवा रस्टमध्ये बॉक्सने बांधलेली लांब लिंक्ड लिस्ट नष्ट होताना पहिला नोड दुसऱ्याचा डिस्ट्रक्टर बोलावतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि प्रोग्राम सर्व उत्तरे बरोबर देऊन अगदी शेवटी कोसळतो. यावर उपाय म्हणजे डिस्ट्रक्टरमध्ये लूप लिहिणे: पुढच्या नोडची मालकी आधी बाहेर काढून घ्यावी, मग सध्याचा नोड सोडावा, आणि पुढे सरकावे. पायथॉनमधील डीप कॉपी आणि पिकल (ऑब्जेक्टचे बाइट्समध्ये रूपांतर), ऑब्जेक्टची तुलना, हॅश आणि मजकुरात रूपांतर हीदेखील रिकर्शनची छुपी ठिकाणे आहेत. खोल रचना वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ती एकदा तपासावीत.

स्टॅक केव्हा वाढवावा

खोली मोठी आहे पण तिची वरची मर्यादा नक्की माहीत आहे, आणि कोड बदलणे महाग आहे, अशा वेळी स्टॅक वाढवणे समर्थनीय आहे. संपूर्ण प्रोग्रामचा स्टॅक वाढवण्यापेक्षा ते एकच काम मोठ्या स्टॅकच्या वेगळ्या थ्रेडमध्ये चालवणे अधिक चांगले. पीथ्रेड्स या थ्रेड लायब्ररीत अ‍ॅट्रिब्यूटद्वारे, जावामध्ये थ्रेडच्या कन्स्ट्रक्टरमधून आणि पायथॉनमध्ये थ्रेड तयार करण्यापूर्वी स्टॅक साइझ ठरवून हे करता येते. जावाची व्हर्च्युअल मशिन मात्र ही सूचना दुर्लक्षू शकते. २०० थ्रेड्सना प्रत्येकी ६४ एमबी दिले तर १२.५ जीबी अ‍ॅड्रेस स्पेस राखली जाते. भौतिक मेमरी प्रत्यक्ष वापरलेल्या पानांपुरतीच लागते, तरी मर्यादित कंटेनरमध्ये याचा हिशेब ठेवावा. पायथॉनच्या ३.११ पूर्वीच्या आवृत्त्यांत रिकर्शनची मर्यादा लाखांत नेली आणि थ्रेडचा स्टॅक तसाच ठेवला, तर नीट समजणाऱ्या एररऐवजी सेगमेंटेशन फॉल्ट मिळतो. मर्यादा आणि स्टॅक दोन्ही बरोबरीने वाढवावेत.

चाचणी कशी घ्यावी

चाचणीसाठी मुद्दाम वाईट आकाराचा डेटा बनवावा: दहा लाख नोड्सची सरळ साखळी, प्रत्येक नोडला एकच मूल असलेला ट्री, एकाच नोडला दहा लाख मुले असलेला ट्री, क्रमाने लावलेला आणि सर्व मूल्ये सारखी असलेला अ‍ॅरे, आणि चक्र असलेला ग्राफ. रुंद ट्रीची चाचणी वगळू नये, कारण सर्व मुले एकदम स्टॅकवर ठेवणारे रूप तेथे मेमरी खाते. बदललेले रूप बरोबर उत्तर देते का हे पाहण्यासाठी यादृच्छिक लहान ट्री तयार करून जुन्या रिकर्सिव्ह फंक्शनचे आणि नव्याचे निकाल ताडून पाहावेत. म्हणून जुने फंक्शन पुसू नये, चाचणीच्या फाइलमध्ये हलवावे. या चाचण्या डीबग बिल्डमध्ये, आणि प्रोग्राम जेथे जेथे चालणार आहे त्यांपैकी सर्वांत लहान स्टॅकच्या थ्रेडमध्ये चालवाव्यात. चाचणीतील ट्री शेवटी मोकळा होईपर्यंत प्रोसेस जिवंत ठेवावी, म्हणजे डिस्ट्रक्टरमधील रिकर्शनही तेथेच उघडे पडेल.